मापाचा ब्लाउज

आमच्या घरात कुठल्याही बाईचं माप मोठ्याने उच्चारायचं नाही, असा आईचा नियम होता. ती टेप लावायची, आकडा बघायची आणि तो माझ्या तळहातावर बोटाने काढायची. मग मी तो वहीत लिहायची. घाटकोपरच्या टेकडीच्या उतारावर आमची चाळ, एकच खोली, दार एकदा सकाळी उघडलं की निजायच्या वेळीच बंद व्हायचं. दारावरून जाणारा प्रत्येक जण आत डोकावून "झाला का चहा?" विचारणार. अशा ठिकाणी गिऱ्हाईक बाईची छाती किती आणि कंबर किती हे शेजाऱ्यांना कळता कामा नये, यावर ती अडून बसायची. मला तेव्हा या गुप्तपणाचं हसू यायचं. मी सतरा वर्षांची होते आणि मला बहुतेक गोष्टींचं हसू यायचं.

बऱ्याच बायका तर माप द्यायच्याच नाहीत. जुना, अंगावर चांगला बसलेला ब्लाउज पिशवीत घालून आणायच्या आणि म्हणायच्या, याच्यावरून बेत. तो मापाचा ब्लाउज. नवा शिवून होईपर्यंत तो आमच्याकडे खुंटीवर असायचा. आईचं म्हणणं होतं की टेप एकदाच माप घेतो, ब्लाउज वर्षभर घेत असतो, म्हणून त्याच्यावर जास्त विश्वास ठेवावा. एखादीचा डावा खांदा उतरलेला, एखादीची पाठ वाकलेली, एखादीचं पोट बाळंतपणानंतर आत गेलेलंच नाही. आई कुठे छातीखाली एक टक जास्त घ्यायची, कुठे बाही जोडायचा मुंढा बोटभर वर उचलायची, की ती बाई आरशासमोर जरा ताठ उभी राहायची. "अंगात काय खोट नसती," आई म्हणायची, "कापडाला समजावून सांगावं लागतं." स्वतःचे ब्लाउज मात्र ती एकाच जुन्या, विटक्या हिरव्या मापाच्या ब्लाउजावरून शिवायची. तिच्या अंगाला टेप लावलेला मी कधी पाहिला नव्हता आणि वहीत तिचं पान नव्हतं.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पायाच्या मशीनची खडखड, शेजारच्या गावडेकाकूंचा पाटा-वरवंटा, आणि दर थोड्या वेळाने डोक्यावरून इतकं खाली जाणारं विमान, की बोलणं अर्ध्यात थांबवावं लागायचं. आम्ही सगळेच चाळकरी वाक्य मध्ये तोडून विमान गेल्यावर तिथूनच पुढे चालू करायचो. वारा फिरला की देवनारच्या कचऱ्याचा धूर यायचा, तेव्हा आई शिवलेल्या कपड्यांवर जुनी साडी टाकायची. दुपारी भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा. बाबा विक्रोळीच्या कारखान्यात पाळीवर असायचे आणि त्यांचा डबा मशीनच्या फळीवरच भरला जायचा, त्यामुळे त्यांच्या भाजीत कधीकधी दोऱ्याचा तुकडा निघे. ते तो ताटाच्या कडेला काढून ठेवत.

निरुबेन पहिल्यांदा आल्या त्या दिवशी हेच जेवण चाललं होतं. स्टेशनच्या पूर्वेला एका हॉलमध्ये त्या बायकांचा व्यायामाचा वर्ग घ्यायच्या. कॅसेट लावून गाण्यावर उड्या मारायच्या, हात हलवायचे, असा तो तेव्हा नवाच प्रकार होता. त्यांनी पर्समधून मुठीएवढी एक घडी काढली आणि आईपुढे ठेवली. "सुमनबेन, माझ्या बहिणीने बाहेरगावहून पाठवला. असे बारा पीस पाहिजे. कापड मी आणून देते."

आईने घडी उलगडली. "हे लहान पोरीचं हाय का?"

"नाय, नाय. माझाच आहे. ताणतो ना."

निरुबेन गेल्यावर आईने तो कपडा ब्लेडने उसवला. मी घाबरले, पण तिने त्याचे तुकडे जमिनीवर मांडले आणि त्यांच्याकडे बघत ती कितीतरी वेळ उकिडवी बसून राहिली. आजवर ती कापड अंगापेक्षा सैल बेतत आली होती, पुढे सुटायला लागलं तर म्हणून आत दोन बोटं जास्त ठेवत आली होती. हे कापड मात्र अंगापेक्षा लहान बेतायचं होतं. चौतीसच्या अंगाला तीस. मग ते अंगाला धरून राहतं, जिथे सुटलंय तिथे आवरतं, जिथे खोल आहे तिथे भरतं. कडेचे तुकडे काळे आणि मधला फिका होता. "बघ," आई म्हणाली, "बघणाऱ्याची नजर मधल्या पट्ट्यावर राहती. कडेला बाई किती हाय ते त्याला दिसतच नाय. कुणी काढलं असंल गं हे डोकं?" तिच्या आवाजात इतकं कौतुक मी माझ्या परीक्षेच्या निकालालाही ऐकलं नव्हतं. त्या व्यायामाच्या कपड्याचं लिओटार्ड हे नाव काही तिच्या तोंडात बसेना. ती त्याला 'फिटिंगचा' म्हणायची, आणि घरात तेच नाव पडलं.

शिवताना कळलं की साधी शिवण त्याला चालत नाही. ताणलं की दोरा तटकन तुटायचा. तीन दिवस वाया गेल्यावर आईने युक्ती काढली. मशीन चालवताना एका हाताने कापड पुढून आणि दुसऱ्याने मागून ओढून धरायचं, म्हणजे शिवणीत दोरा सैल पडतो आणि मग कापडाबरोबर तोही ताणला जातो. दोन्ही हात ताकदीने लावावे लागत. संध्याकाळी तिचे खांदे भरून यायचे आणि मी कोमट तेल लावायची.

पहिला नमुना तिने स्वतः घालून बघितला. भर दुपारी दार लावून. निळा, कडेला गडद मरून पट्टे, खाली परकर तसाच. मी छोटा आरसा हातात धरून उभी होते आणि खदखदून हसत होते, कारण माझी आई, दोन वेण्यांच्या वयात लग्न झालेली, चाळीशीला आलेली, त्या कपड्यात एकदम कुणीतरी वेगळीच दिसत होती. कमरेला आकार आला होता, पाठ सरळ झाली होती. तीही हसली. आरशात वळून वळून बघितलं. मग तिचा हात छातीच्या उजव्या बाजूला थांबला. तिथे कापड नीट बसलं नव्हतं, एक छोटा खळगा पडला होता. तिने चुणी सारखी करावी तसा त्यावरून तळवा फिरवला. "मुंढा चुकला," ती म्हणाली.

तिने ती बाजू उसवली आणि पुन्हा शिवली. घातला. खळगा तिथेच. पुन्हा उसवली, पुन्हा शिवली. तिसऱ्यांदा घातल्यावर ती आरशाकडे न बघता बोटांनी चाचपडत राहिली. मग मला म्हणाली, "आरसा ठेव आता. भात लाव."

एवढंच. सैल ब्लाउजांनी कितीतरी महिने झाकलेली गाठ त्या घट्ट कापडाने दुपारच्या उजेडात दाखवून दिली होती, आणि माझ्या शिवणकामातल्या पंडित आईला वाटलं की तिची शिवण चुकली. तिसऱ्या खेपेला तिला कळलं होतं, हे तिने मला फार नंतर सांगितलं. तेव्हा ती गप्प बसली. बारा पीस पुरे केले, त्यांच्या तक्रारी निस्तरल्या, मग गावडेकाकूंच्या मुलीच्या लग्नाचे ब्लाउज शिवले. डॉक्टरकडे गेली तेव्हा तीन महिने उलटले होते. मी आता साठीला आले आहे, आणि अजूनही मला त्या तीन महिन्यांचा राग येतो. तिचा येतो आणि माझाही येतो. खळगा मीही पाहिला होता. आरसा माझ्याच हातात होता.

ऑपरेशन झालं. उजवी बाजू पूर्ण काढली, काखेतूनही काढलं. घरी आली तेव्हा तिने उजवा हात पोटाशी धरला होता, आणि तो तिथून हलेना. दवाखान्यातल्या बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, भिंतीसमोर उभं राहून बोटं चालवत चालवत हात रोज थोडा वर न्यायचा. नाहीतर खांदा धरेल तो कायमचा. मग कात्री नाही, मशीन नाही, केस विंचरणंसुद्धा नाही. मी घरी आल्या आल्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून जागा केली. आई त्या जागेकडे पाठ करून बसली.

असे सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांइतकी हताश मी पुढे कधी झाले नाही, नवरा गेला तेव्हाही नाही. कॉलेज सोडून दिलं. भाकरी मला थापता येत नव्हती, बाबा करपलेली खायचे आणि दोऱ्याचा तुकडा काढावा तशी काळी कड काढून ठेवायचे. मशीन बंद, त्यामुळे खोलीत विमानांशिवाय आवाज नाही. गावडेकाकू वाटीतून कुळथाची पिठी आणायच्या आणि दारातूनच आईबद्दल विचारायच्या, "आवस जेवली काय गो?" आई भिंतीकडे तोंड करायची. मी रडले, ओरडले, पाया पडले. एकदा तर तिचा हात धरून जबरदस्तीने वर केला, तेव्हा ती इतकी किंचाळली की अख्खी चाळ गोळा झाली. त्यानंतर तिने मला हात लावू दिला नाही.

एका संध्याकाळी निरुबेन सफरचंदं घेऊन आल्या. म्हणाल्या, "क्लासला या. सगळ्या बायकाच असतात. हात मोकळा होईल." आईने मान हलवली. त्या गेल्यावर मात्र बोलली, कितीतरी दिवसांनी पूर्ण वाक्य बोलली. "तिथं समद्या त्याच कपड्यात असतात. मीच शिवलेत. त्यातनं काय काय दिसतं ते मला ठाऊक हाय."

"मग घरी कर की. भिंत आहे समोर."

"हात वर केला की गाऊन एका बाजूला लटकतो, सुजे. दार उघडं असतंय. लोक बघत जातात." ती थांबली, विमान जाऊ दिलं. "तू बी बघतीस."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिला दुखण्याची भीती नव्हतीच. रात्रभर विचार करून मी ठरवलं की तिला फिटिंगचा शिवून द्यायचा. गाऊनसारखा लटकणार नाही, सगळं धरून ठेवेल, आणि ती हात वर करेल. बारा पिसांतले उरलेले तुकडे पोत्यात होतेच. कमरेपर्यंतचा, डोक्यावरून घालायचा, बिनबाह्यांचा. चार दिवस ती झोपली की मी बेतत होते. टेप लावू द्यायची नाही म्हणून मी काय केलं, तर आमच्या घरात जे करतात तेच. खुंटीवरचा तिचा विटका हिरवा ब्लाउज काढला आणि त्याच्यावरून कापलं. आईनेच शिकवलं होतं, टेपपेक्षा मापाच्या ब्लाउजावर विश्वास ठेवावा. मला वाटलं मी अगदी शहाण्यासारखं करतेय.

तो तिला घालायला अर्धा तास लागला. आधी दुखरा हात, मग डोकं, मग मी खाली ओढला. दार लावलेलं होतं. ती माझ्यासमोर उभी राहिली. डाव्या बाजूला कापड सुरेख बसलं होतं. उजव्या बाजूला मी घातलेला घेर, मन लावून घातलेला, तिथे कुणी नसताना रिकामा पुढे आला होता. पिशवी कोपऱ्यात ठेवली की पडते तशा त्याच्या चुण्या पडल्या होत्या.

आईने खाली बघितलं. "कुणाचं माप घेतलंस?"

"तुझंच. हिरव्या ब्लाउजावरून."

"ती बाई गेली गं," आई म्हणाली.

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने तो काढून दे म्हटलं, मी काढला, ती आपल्या जागी जाऊन बसली. मी मोरीत तोंडावर ओढणी दाबून रडले. मला मरून जावंसं वाटलं, हे मी आज जसंच्या तसं लिहिते, कारण तसंच वाटलं होतं. मी आईला तिचं गेलेलं अंग नवं शिवून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मशीनवर बसले आणि त्या रिकाम्या घेराला चिमट्या घालून तो आत घ्यायला लागले. शिवण्याची अक्कल संपली होती, फक्त राग उरला होता. एक चिमटी घातली, दुसरी घातली, कापड गोळा झालं. सुई तुटली. दुसरी लावली. तिसऱ्या चिमटीला मागून आवाज आला.

"काय करतीस तू ते?"

मी चिमटी घालतच राहिले.

"अगं, वाट लावलीस त्याची. उसव. आधी उसव ते समदं. असं वरनं दाबून फिटिंग येतं व्हय?" ती उठून आली होती. हात पोटाशीच, पण डोळे कापडावर. तिने डाव्या हाताने ते माझ्याकडून ओढून घेतलं, उजेडात धरलं, आणि वाईट शिवण बघून तिला पूर्वी यायचा तसाच वैताग तिच्या तोंडावर आला. मला इतका आनंद झाला की मी शिव्याही खाल्ल्या असत्या. त्याही मिळाल्या. मग ती मशीनच्या कडेला टेकली.

"तो हिरवा ब्लाउज खुंटीवरनं काढ," ती म्हणाली. "चुलीजवळच्या फडक्यांत टाक. आणि टेप घे."

मी दार लावलं. तिने गाऊनची बटणं डाव्या हाताने सोडली. मी तो व्रण तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्याचं वर्णन इथे करणार नाही, ती गोष्ट तिची आहे. मी गळ्याच्या खड्ड्यापासून डावी बाजू मोजली, मग उजवी. दोन वेगळे आकडे. सवयीने मी तळहात पुढे केला, पण माप घेणारी मीच होते, तेव्हा तिने आपला तळहात पुढे केला आणि मी त्यावर बोटाने आकडे काढले. तिने मान हलवली. वहीत मी नवं पान उघडलं आणि वर 'सुमन' लिहिलं.

"आत कापूस भरूया का?" मी विचारलं.

"कापूस घामानं खाली सरकतो. उरलेलं कापड चार पदरी घे, कडेनं शिव, आतनं टाक. आणि पट्टा सरळ नको. डाव्या खांद्यावरनं उजव्या कमरेला तिरका ने, मरून. बघणारा तिरप्या रेघेसंगं खाली जातो. तो मधी थांबत नाय."

कापणं तिने स्वतः केलं. कात्री दोन्ही हातांनी धरून, घामाघूम होऊन, अख्खी दुपार लावून. शिवताना ती पुढून डाव्या हाताने ओढायची, मी मागून ओढायची, पाय तिचे. बाबा पाळीवरून आले, मशीनचा आवाज ऐकून दाराबाहेरच थांबले, आणि शिवण पुरी होईपर्यंत आत आले नाहीत.

तो तिला बसला. काय बसला म्हणून सांगू. घालून ती भिंतीसमोर उभी राहिली, कॅलेंडरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं, आणि बोटं भिंतीवर टेकवली. दार तिनेच उघडायला सांगितलं. पुढे तीन महिन्यांनी तिचं बोट त्या खिळ्याला लागलं, आणि ती आठवड्यातून दोनदा निरुबेनच्या हॉलमध्ये जायला लागली. शेवटच्या रांगेत उभी राहायची, पण जायची. तिथल्या दोन बायकांना तिने तिरका पट्टा का हवा ते न विचारता तसे फिटिंगचे शिवून दिले. त्यांच्या पानांवरही दोन आकडे होते.

हल्ली मुलुंडला माझ्या घरासमोरच्या बागेत पहाटे बायका चालतात. सगळ्यांच्या अंगावर तेच कापड, कडेला गडद, मध्ये फिकं. माझी सून म्हणते, आई, तुम्ही असं टक लावून काय बघता लोकांकडे. मी मुंढे बघत असते. खळगा शोधत असते. एकदा एका अनोळखी बाईला थांबवून विचारायचं धाडस केलं होतं, तिने मला वेडी ठरवलं.

आईचं ते दुखणं ऑपरेशननंतर पावणेदोन वर्षांनी पाठीच्या मणक्यात परत आलं. या वेळी भिंत नव्हती, व्यायाम नव्हता. पडून पडून ती इतकी बारीक झाली की फिटिंगचाही सैल झाला. तेव्हा तिने तो मला दोनदा उसवून लहान करायला लावला. शेवटच्या आठवड्यात मला जवळ बोलावून म्हणाली, "शेवटी आंघोळ बाया घालतात, ठाऊक हाय ना? चाळीतल्या समद्या येतात. मला तो घाल. नुसती साडी नको."

ती पहाटे गेली. बाबा जवळच्या नातेवाइकांना कळवायला निघाले आणि ते परतून सगळे जमेपर्यंत उन्हं वर आली. गावडेकाकू आणि चाळीतल्या तीन बायका पाणी तापवून पदर खोचून तयार होत्या. मी म्हटलं, मी घालते आंघोळ, एकटी. आणि दार लावलं. कुणाचं माणूस गेलं असताना आमच्या चाळीत कधी दार लागलं नव्हतं.

आंघोळ झाली. मग मी फिटिंगचा हातात घेतला आणि तेव्हा मला कळलं की तो तिला घालताच येणार नाही. अंगापेक्षा लहान बेतलेला कपडा घालायला हात वर करावा लागतो. तिचा हात ताठरला होता. दोन्ही हात. जो हात वर जावा म्हणून हे सगळं शिवलं, तो आता कशानेही वर जाणार नव्हता. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. मग ब्लेड घेतलं. उजवा खांदा आणि उजवी बाजू पूर्ण उसवली, कापड तिच्या अंगाखालून सरकवून घेतलं, वर आणलं, चार पदरी तुकडा जागेवर ठेवला, आणि सुईत दोरा ओवून ती बाजू तिच्या अंगावरच शिवायला घेतली. एका हाताने ओढून धरायचं होतं, पण मागून धरायला कुणी नव्हतं.

बाहेरून दार वाजलं. "गो चेडवा, दार उघड, कितको वेळ?" गावडेकाकू म्हणत होत्या.

मी काखेपासून कमरेपर्यंत शिवत आले आणि मागे होऊन बघितलं. मुंढ्याखाली एक चुणी पडली होती. मी ती शिवण उसवली आणि पुन्हा घातली.